नवजात अर्भकाचा जंतुसंसर्ग : रक्ततपासणी आणि निदान

जन्मानंतरचे पहिले २८ दिवस अत्यंत नाजूक असतात. या काळात जंतू रक्तात शिरून शरीरभर पसरले, तर त्या अवस्थेस ‘सेप्सिस’ म्हणतात. मोठ्या माणसास संसर्गात बहुधा ताप येतो. अर्भक मात्र अनेकदा थंड पडते. म्हणूनच निदान अवघड ठरते.

निदानासाठी प्रमुख तपासणी म्हणजे ‘ब्लड कल्चर’. बाळाचे साधारण एक मिलिलिटर रक्त पोषकद्रव्याच्या बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का, हे पाहिले जाते. त्यावरून नेमका जंतू व त्यावर लागू पडणारे औषध कळते. परंतु त्यास बहुधा दोन दिवस लागतात. शिवाय रक्त अल्प असल्याने संसर्ग असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. रक्तातील ‘सीआरपी’ हे प्रथिन संसर्गानंतर काही तासांनी वाढते. त्यामुळे पहिली तपासणी निर्दोष असली तरी ती पुन्हा करावी लागते. पांढऱ्या पेशी फार घटणे, हेही धोक्याचे चिन्ह होय.

मग अहवाल येईपर्यंत थांबावे काय? याचे उत्तर गडचिरोलीने दिले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ३९ खेड्यांत घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. प्रयोगशाळा जवळ नसताना प्रशिक्षित ग्रामीण स्त्रिया केवळ लक्षणांवरून सेप्सिस ओळखून प्रतिजैविके देत. सेप्सिस झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्या स्त्रिया पुढील लक्षणे पाहत : दूध ओढणे कमी होणे वा थांबणे, रडणे क्षीण होणे, हातपाय शिथिल पडणे, अंग थंड लागणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, उलट्या किंवा पोट फुगणे आणि नाळेत पू होणे. यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी आढळली, की त्या सेप्सिस समजत. घरी मात्र एकही लक्षण दिसताच बाळास छातीशी उबेत धरून तत्काळ रुग्णालयात न्यावे.

डॉक्टर अहवालापूर्वीच प्रतिजैविक सुरू करतात, ही घाई नव्हे. उपचार बदलावा, चालू ठेवावा की थांबवावा, हे पुढे रक्ततपासणी व बाळाची प्रकृती ठरवते. औषध मध्येच बंद करण्याचा निर्णय मात्र पालकांनी स्वतः घेऊ नये.