अर्धा पंखा पाण्याबाहेर

सत्तर सेंटिमीटर लांबीची बोट पाणी बाजूला सारत चालते, तेव्हा तिचा वेग ताशी पावणेचार किलोमीटरच्या आसपास अडतो. रमतगमत चालणारा माणूसही काठाकाठाने तिला मागे टाकेल. चालणारी बोट नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, लाट उठवते, वेग वाढेल तशी ही लाट लांबत जाते आणि तिची लांबी बोटीएवढी झाली की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढाला लागते. त्यापुढे जायचं तर पाणी कापणं सोडून पाण्याच्या वर यावं लागतं, तळाच्या थोड्याशा भागावर घसरत जावं लागतं. रेडिओवर चालणाऱ्या वेगवान इलेक्ट्रिक बोटी हेच करतात, आणि याच लांबीची नीट बांधलेली बोट ताशी सत्तर किलोमीटर गाठते. ही किमया नव्या मोटरची आणि बॅटरीची, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो अर्धाच खरा वाटतो. मोटर-बॅटरीने ताकद स्वस्त केली आणि त्यामुळे हाताचं काम कमी होण्याऐवजी त्याचं मोल वाढलं. ताकद सगळ्यांकडे सारखी असली की फरक उरतो तो बोट पाण्याला कुठे, किती आणि कशी टेकते याचा, आणि ते अजून तरी कानस, पट्टी आणि पॉलिश पेपर यांच्या हातात आहे.

विजेवर चालणारी बोट या छंदातली नवी पाहुणी नाही, उलट मूळ मालकीण आहे. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओने चालणारी बोट लोकांना दाखवली. ती बॅटरी आणि विजेच्या मोटरवर चालत होती. त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरला तिचं पेटंट त्याला मिळालं. पण विसाव्या शतकात वेग म्हटलं की छोटी इंधनाची इंजिनंच डोळ्यापुढे येत. निकेल-कॅडमियमचा सेल १.२ व्होल्टचा, वजनाला जड, आणि ब्रश असलेली मोटर घर्षणात आणि ठिणग्यांत वीज घालवणारी. ब्रशलेस मोटर आणि ३.७ व्होल्टचा हलका लिथियम पॉलिमर सेल आल्यावर पारडं फिरलं. आज मुठीत मावणारी ३६ मिलिमीटर व्यासाची मोटर काही मिनिटं एका इस्त्रीएवढी, म्हणजे हजार वॉटहून अधिक वीज पाण्यात ओतू शकते. हे सगळं विकत मिळतं. त्यामुळे कोणाकडे किती ताकद आहे हा प्रश्न आता फारसा विचारण्यासारखा राहिलेला नाही.

आता हिशोब मांडू. मोटरवर १८०० केव्ही लिहिलेलं असतं, म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला १८०० फेरे. चार सेलची बॅटरी १४.८ व्होल्टची, म्हणजे साडेसव्वीस हजारांहून थोडे जास्त फेरे. ४२ मिलिमीटर व्यासाचा पंखा, त्याचा पिच व्यासाच्या १.४ पट, म्हणजे घसर नसेल तर एका फेऱ्यात तो जेमतेम ५९ मिलिमीटर पुढे जाईल. गुणाकार केला की ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतात. हा आकडा कागदावरचा. भार आला की व्होल्टेज उतरतं, फेरे घटतात, पंखा पाण्यात घसरतो, आणि यातला पाव हिस्सा सहज गळतो. सत्तर पदरात पडले तर काम चांगलं झालं म्हणायचं. गळती भरून काढायला मोठी मोटर किंवा एक सेल जास्त लावावा, हे उत्तर पहिल्यांदा सुचतं आणि तेच सर्वांत महाग पडतं. ढोबळमानाने पाण्यात लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग सव्वापट करायचा तर शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. त्याच व्होल्टेजला दुप्पट शक्ती म्हणजे दुप्पट अँपिअर, आणि तारांत, मोटरच्या गुंडाळीत, स्पीड कंट्रोलरमध्ये उष्णता चौपट. साध्या निओडिमियम चुंबकांची ताकद ८० अंशांच्या पुढे कायमची उतरू लागते, आणि लिथियम पॉलिमर बॅटरी ६० अंशांपलीकडे जाऊ द्यायची नसते. त्यात थंड करणारं पाणीही बोटीच्या वेगावरच खेळतं. सुकाणूपाशी किंवा तळाला बसवलेल्या बारीक नळीत पळत्या बोटीच्या जोराने पाणी शिरतं, मोटरभोवतीच्या वेटोळ्यातून आणि कंट्रोलरमधून फिरून कुशीतल्या भोकातून बाहेर पडतं. पंप नसतो. पंख्याला जलपर्णीचे धागे गुंडाळले गेले की बोट मंदावते, नेमकं तेव्हाच मोटर जास्त वीज ओढते आणि नेमकं तेव्हाच पाणी येत नाही. म्हणून जाणता बांधणारा फेरी संपल्यावर वेगाचा आकडा पाहण्याआधी मोटरवर हाताचं बोट टेकवतो. हाताला बसलेला चटका म्हणजे वेगात न उतरलेली वीज.

मग वेग येतो कुठून? पहिलं उत्तर तळात. घसरणाऱ्या बोटीचा शेवटचा एक-तृतीयांश तळ सरळ असावा लागतो, आणि सरळ म्हणजे पोलादी पट्टी उभी लावली तर खालून उजेड दिसणार नाही इतका. साच्यातून काढलेली फायबरची बोट डोळ्यांना गुळगुळीत दिसते, पण राळ आळताना आकसते आणि वराम्याजवळ, म्हणजे मागच्या टोकाकडे, तळाला केसभर खोलगटपणा येतो. एवढ्यानेही मागचा भाग उचलला जातो, नाळ खाली दाबली जाते आणि तळ नको तितका भिजतो. उलट तिथे फुगवटा राहिला तर पाणी मागचा भाग खाली ओढतं आणि बोट मान हलवत उड्या मारू लागते. दोन्हींवर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: लांबी भरायची, वाळू द्यायची, सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून घासायचं, पुन्हा पट्टी लावायची. मागची कडही धारदार लागते. गोलाई राहिली की पाणी तिला चिकटून वर वळतं आणि जाताजाता बोटीला मागे खेचतं. रंगाच्या सुबक थरामुळे ही धार बुजते, म्हणून देखणी बोट आणि वेगवान बोट यांच्यात इथे सरळ भांडण आहे. या कामाला दुकानातला कुठलाच भाग पर्याय नाही.

दुसरं उत्तर पंख्यात. या बोटींचा पंखा पाण्यात पूर्ण बुडालेला नसतो. वेगात असताना त्याची अर्धी चकती हवेत फिरते. प्रत्येक पातं पाण्यात शिरतं, ढकलतं आणि बाहेर येतं, आणि पाण्याखाली ओढत न्यावे लागणारे शाफ्ट आणि त्याचा आधार यांचा अडथळा जवळपास संपतो. ही कल्पना खऱ्या शर्यतींतून आली आहे, आणि तिचा इतिहास माझ्या म्हणण्याच्या बाजूने बोलतो. १९३९ मध्ये माल्कम कॅम्पबेलच्या ‘ब्लू बर्ड के-४’ने ताशी २२८ किलोमीटरचा विक्रम केला. तिच्यात शर्यतीच्या विमानांसाठी बनवलेलं रोल्स-रॉइस आर इंजिन होतं. १९५० मध्ये सिअॅटलजवळच्या लेक वॉशिंग्टनवर स्टॅन्ली सेअर्सच्या ‘स्लो-मो-शन ४’ने ताशी २५८ किलोमीटर गाठले, तेही लढाऊ विमानांसाठी बनलेल्या अॅलिसन इंजिनावर, ज्याची ताकद त्या रोल्स-रॉइसपेक्षा कमी होती. टेड जोन्सच्या आराखड्यातली ही बोट वेगात असताना पुढचे दोन पाय आणि अर्धा पंखा एवढ्यावरच पाण्याला टेकत असे. कमी ताकदीने तीस किलोमीटर जास्त, ते तळ कमी भिजवल्यामुळे.

छोट्या बोटीत हेच काम मिलिमीटरांवर येतं. ऑक्टुरासारख्या कंपनीचा बेरिलियम-तांब्याचा पंखा ओतीव, खडबडीत मिळतो. त्याच्या पात्यांना कानसेने धार काढायची, मग बारीक आसावर ठेवून कोणतं पातं खाली झुकतं ते पाहत जड पातं घासत समतोल साधायचा. मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेऱ्यांना चिमूटभर धातूचा फरक बेअरिंग खातो आणि बोटीचं सगळं अंग थरथरवतो. मोटरपासून पंख्यापर्यंत ताकद नेणारा शाफ्ट पोलादी तारा पिळून केलेला, लवचिक असतो आणि पितळी नळीतून हलक्या वळणाने जातो. जोर आला की पीळ घट्ट होतो आणि शाफ्ट आखडतो. म्हणून शाफ्टवरची पंखा अडकवणारी खोबण आणि आधाराचं टोक यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट मुद्दाम सोडावी लागते. न सोडणाऱ्याचा शाफ्ट पहिल्याच जोरात आधारावर घासत बसतो. आणि हा आधार, ज्याला सगळे स्ट्रट म्हणतात, किती खाली आणि कोणत्या कोनात, यावर तर अख्खी बोट चालते. खाली असला तर पंखा जास्त बुडतो आणि मोटर तापते, वर असला तर पंखा पाणी सोडतो आणि नुसता आवाज करतो. टोक जरासं वर-खाली कललं तरी नाळ दबते किंवा उठते.

नाळ उठण्याचा प्रश्न तिसरा आणि सर्वांत अवघड, कारण इथे पाण्याऐवजी हवेशी गाठ पडते. तळाचा कमीत कमी भाग पाण्याला टेकवायचा हे ध्येय, पण पाण्याची पकड सुटत जाते तसं बोटीच्या पोटाखालची हवा तिला उचलू पाहते. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधल्या कॉनिस्टन वॉटरवर डोनाल्ड कॅम्पबेलची ‘ब्लूबर्ड के-७’ अशीच नाळ उचलून उलटली आणि त्यात त्याचा जीव गेला. छोट्या बोटीत फार तर बोट बुडते, तीही आत फोम कोंबला असेल तर तरंगत राहते. साध्या एकतळी बोटीत वजनाचा मध्य मागच्या टोकापासून लांबीच्या तीस टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे, पण तो केवळ सुरुवात करण्यापुरता. बॅटरी वेल्क्रोच्या पट्टीवर बसवतात ती याचसाठी, की सेंटिमीटरभर पुढे-मागे सरकवता यावी. पंख्याच्या फिरण्याने बोट एका कुशीवर कलते, म्हणून तीच बॅटरी जराशी आडवीही सरकते. शांत पाण्याला लावलेली ही जुळणी वारा सुटला की चुकीची ठरते.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा, की सीएनसी यंत्रावर कापलेले, धार लावून समतोल केलेले अॅल्युमिनियमचे पंखे आता मिळतात, तयार बोटी खोक्यातून काढून थेट पाण्यात सोडता येतात, मग कानसेचं कौतुक कशाला? यातला पहिला भाग मी मान्य करतो. पंख्याचं घासकाम या यंत्रांनी खरोखरच कमी केलं आणि त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. पण तो पंखा कोणत्या उंचीवर, कोणत्या वजनामागे, कोणत्या पाण्यात फिरणार हे यंत्राला कळत नाही. दुसरा आक्षेप जुन्या इंजिनवाल्यांचा: सुई फिरवून, कानाने इंधनाचं मिश्रण जुळवण्यात जे कौशल्य होतं ते विजेने संपवलं. संपवलंच. मात्र इंजिनाचा कर्कश आवाज गेल्यावर बाकीचे आवाज ऐकू येऊ लागले. पंखा पाणी सोडतो तेव्हा त्याचा सूर अचानक चढतो, कोरडं बेअरिंग किणकिणतं, उड्या मारणारा तळ ठेक्यात आपटतो. काठावर उभ्या माणसाला हे आवाज बोट परत येण्याआधी बरंच काही सांगून जातात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: शेवटी हे खेळणंच, खऱ्या बोटींशी याचा काय संबंध? छोट्या नमुन्यावरून मोठ्या जहाजाचं भाकीत करण्याचा रस्ता विल्यम फ्रूडने १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्की इथल्या आपल्या टाकीत घालून दिला, आणि जहाजबांधणी अजून त्यावरून चालते. त्याचं गणित इथे लावलं तर ताशी सत्तरने जाणारी सत्तर सेंटिमीटरची बोट म्हणजे ताशी सव्वादोनशेच्या आसपास जाणारी सात मीटरची बोट. म्हणजे ती एखाद्या शांत मोटरबोटीची छोटी नक्कल नाही, तर विक्रमाच्या पट्टीतलं यंत्र आहे, आणि पाण्यावरची पाच सेंटिमीटरची लहर तिला दहापट लांबीच्या बोटीला अर्ध्या मीटरची लाट भेटावी तशी भेटते. आपल्याकडे एनसीसीच्या नौदल शाखेतले कॅडेट जहाजांच्या प्रतिकृती बनवतात आणि त्यांच्या स्पर्धाही होतात. त्या कामात मूळ जहाजाशी हुबेहूबपणा मोठा मानला जातो. वेगवान बोटीला मूळ जहाजच नाही, त्यामुळे तिचं मूल्यमापन नुसत्या दिसण्यावर करता येत नाही. ती उघड्या तलावावर, पोहणाऱ्यांपासून लांब, रेडिओ तुटला तर मोटर आपोआप थांबेल अशी व्यवस्था करूनच सोडायची, कारण त्या वेगाला धार लावलेला पंखा हा अक्षरशः सुरा असतो. आणि खोक्यातून निघालेल्या तयार बोटीचा मालक छंदात मुरू लागला, की तो बहुधा मोटरच्या आधी पंखा बदलतो, स्ट्रटचा कोन हलवतो आणि तळाला पट्टी लावून पाहतो.