विश्लेषण : निवृत्त घोडा सुरक्षित हातांत कसा द्यावा?

राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलातील ‘विराट’ हा घोडा २६ जानेवारी २०२२ रोजी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनानंतर निवृत्त झाला. तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याला थोपटून निरोप दिला आणि ते दृश्य देशभर पाहिले गेले. पुढचा सांभाळ दलानेच करायचे ठरवले. असा निरोप मोजक्याच घोड्यांच्या वाट्याला येतो. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर धावायचा थांबलेला, रायडिंग क्लबात थकलेला किंवा हौसेने फार्महाऊसवर आणलेला घोडा बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका फोटोवरून दुसऱ्याच्या तबेल्यात जातो. मालकाला वाटते, चांगल्या माणसाकडे दिला. त्या माणसाने तो पुढे कुणाला दिला, हे मात्र अनेकदा कळतही नाही. खरी काळजी तिथेच घ्यायची असते.

घोडा निवृत्त होतो तेव्हा किती आयुष्य शिल्लक असते?

शर्यतीचा थरोब्रेड घोडा दोन वर्षांचा असतानाच धावू लागतो. पायाच्या मागची कंडरा दुखावणे, गुडघ्याला सूज येणे किंवा वेग कमी पडणे, अशा कारणांनी अनेकांची कारकीर्द पाचव्या-सहाव्या वर्षीच संपते. नीट सांभाळला तर घोडा २५ ते ३० वर्षे जगतो. म्हणजे ‘निवृत्त’ हा शब्द ऐकून डोळ्यांपुढे म्हातारा घोडा येत असला, तरी प्रत्यक्षात ते ऐन तारुण्यातले जनावर असू शकते आणि त्याची पुढची पंधरा-वीस वर्षे कुणीतरी सांभाळायची असतात.

हा सांभाळ स्वस्त नाही. साडेचारशे-पाचशे किलोच्या घोड्याला रोज आठ ते दहा किलो सुका चारा आणि ३० ते ४० लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात पाणी आणखी वाढते. काम करणाऱ्या किंवा अशक्त घोड्याची चंदी वेगळी. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासावे लागतात, वर्षातून एकदा तरी दात घासून घ्यावे लागतात, जंताचे औषध आणि धनुर्वाताची लस चुकवून चालत नाही. शिवाय मोतद्दाराचा पगार आहेच. ‘फुकट मिळतोय’ म्हणून घोडा घेणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो. तो दोन-तीन महिन्यांत कळतो आणि मग घोडा पुढच्या हातात जातो.

धोका नेमका कुठे असतो?

जगभरातील घोडेमालकांना हे शिकवणारे नाव म्हणजे ‘फर्डिनांड’. अमेरिकेतील प्रतिष्ठेची केंटकी डर्बी त्याने १९८६ मध्ये जिंकली. पुढे पैदाशीसाठी तो जपानला विकला गेला. तिथे मागणी घटल्यावर तो एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि २००२ मध्ये त्याची कत्तल झाल्याचे नंतर उघड झाले. पहिला खरेदीदार बनावट नव्हता, व्यवहारही रीतसर होता. घोड्याची माहिती मागे ठेवणारी साखळी तेवढी कुणी बांधली नव्हती.

१९९७ चा डर्बीविजेता ‘सिल्व्हर चार्म’ही जपानलाच गेला. पण त्याच्या व्यवहारात पैदाशीचे दिवस संपल्यावर घोडा परत द्यायचा, अशी अट होती. २०१४ मध्ये तो अमेरिकेत परतला आणि केंटकीतील निवृत्त घोड्यांच्या फार्मवर राहू लागला. दोन्ही घोडे सारख्याच तोलाचे, दोघेही एकाच देशात गेलेले. फरक पडला तो एका अटीने.

आपल्याकडे खाण्यासाठी कत्तलीची परवानगी असलेल्या जनावरांमध्ये घोडा नाही. इथला धोका वेगळा आणि संथ आहे. रायडिंग स्कूलमधून वरातीकडे, तिथून चौपाटीवर किंवा पर्यटनस्थळी फेऱ्या मारायला आणि शेवटी गाडीला, असा हा उतार असतो. प्रत्येक पायरीवर घोड्याची किंमत उतरते, काम वाढते आणि चंदी कमी होते. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये शहरातील व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवून त्या वर्षभरात बंद करण्यास सांगितले. गाडी बंद करता येते. गाडीचा घोडा मात्र दुसऱ्या दिवशीही चारा मागतो.

देण्याआधी घोड्याविषयी काय माहीत हवे?

सुरुवात घोड्यापासून करावी, गिऱ्हाइकापासून नाही. घोड्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यकाकडून पाय, डोळे, दात, हृदय आणि श्वास तपासून लेखी अहवाल घ्यावा. घोडा लंगडत असेल तर कुठल्या पायाने, चालताना की दुडक्या चालीत, फक्त खोगीर घालण्यापुरता बरा की रपेटीलाही चालेल, हे स्पष्ट लिहिलेले असावे. दोष लपवून दिलेला घोडा नव्या मालकाला फसवल्यासारखा वाटतो आणि तो रागारागाने सर्वात आधी बाहेर काढला जातो. खोटेपणाची शिक्षा मालकाला नव्हे, घोड्याला होते.

स्वभावही सांगायला हवा. घोडा चावतो का, लाथ मारतो का, लाकूड कुरतडत हवा गिळतो का, गर्दीला बुजतो का? रेसकोर्सवरून नुकताच उतरलेला घोडा नवख्या मुलाला शिकण्यासाठी देणे म्हणजे अपघाताला बोलावणे. त्याला काही महिने मोकळे सोडून, हळूहळू वेगळ्या कामाची सवय लावावी लागते. वरातीचा बँड, फटाके, डोळ्यांवर येणारा दिव्यांचा झोत हे तर कुठल्याही घोड्याला अनेक महिन्यांच्या सवयीशिवाय सोसत नाही.

ग्लँडर्सची रक्ततपासणीही टाळू नये. हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होऊ शकतो. त्याची बाधा निश्चित झालेल्या घोड्याला दयामरण द्यावे लागते आणि परिसरातील घोड्यांच्या हालचालींवर निर्बंध येतात. या तपासणीत हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा शब्द महत्त्वाचा मानला जातो. अहवाल हाती नसताना घोडा हलवणे दोन्ही तबेल्यांना महागात पडू शकते.

नवा मालक कसा पारखायचा?

फोनवर सगळेच प्राणिप्रेमी असतात. म्हणून घोडा जिथे राहणार आहे, ती जागा पाहायलाच हवी; शक्य असल्यास दोनदा, आणि दुसऱ्या वेळी न सांगता. तिथे आधीपासून असलेले घोडे सर्वात खरे साक्षीदार. त्यांच्या फासळ्या दिसतात का, खूर वाढून पुढे वळलेत का, खोगिराखाली जखमा आहेत का, पाण्याचे टाके हिरवे झालेय का, हे पाच मिनिटांत कळते. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. सोबतीला दुसरा घोडा, निदान एखादे गाढव किंवा शेळी नसेल, तर तो झुरतो. शहरालगतच्या एकाकी फार्महाऊसवर हीच गोष्ट हमखास राहून जाते.

मग काही साधे प्रश्न. रात्री तबेल्याजवळ कोण झोपते? पोटशूळ उठला तर कोणता डॉक्टर येणार आणि तो किती वेळात पोचेल? गुरांचा डॉक्टर जवळ असणे पुरेसे नाही. घोड्याच्या पोटदुखीत काही तासही निर्णायक ठरतात. नालबंद कुठून येतो? पावसाळ्यात घोडा कुठे बांधणार? या प्रश्नांना ज्याच्याकडे नावांसह उत्तरे असतात, त्याने घोडा खरोखर सांभाळलेला असतो.

सर्वात उपयोगी प्रश्न मात्र एकच : याआधीचा घोडा आता कुठे आहे? मेला असेल तर कधी आणि कशाने, विकला असेल तर कुणाला? हे सांगताना जो अडखळतो, त्याच्याकडचा पुढचा घोडाही असाच कुठेतरी जाईल, असे समजायला हरकत नाही.

दलालाच्या मार्फत येणाऱ्या व्यवहारात ‘एका शेतकऱ्यासाठी घेतोय’, ‘साहेबांच्या मुलीसाठी हवाय’ अशी वाक्ये ऐकू येतात. तो शेतकरी किंवा ते साहेब समोर आल्याशिवाय घोडा सोडू नये. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेतील घोडेबाजाराला मोठी परंपरा आहे, तिथे जाणकार खरेदीदारही येतात. पण यात्रेच्या गर्दीत विकलेल्या घोड्याचा माग नंतर काढणे फार कठीण. उमद्या, धडधाकट जनावरासाठी तो बाजार ठीक, दुखऱ्या पायाच्या निवृत्त घोड्यासाठी नाही.

किंमत घ्यावी की फुकट द्यावा?

यावर दोन मते आहेत. फुकट दिला तर माणूस केवळ प्रेमापोटी घेतो, असे काहींना वाटते. व्यवहारात उलटच दिसते. ‘फुकट’ असे लिहिलेल्या संदेशाला सर्वात आधी फोन येतो तो घोडा आठवडाभरात पुढे विकणाऱ्याचा. थोडीफार का होईना, पण योग्य किंमत मागितली की असे लोक गळतात. ती घेऊन पुढे घोड्याच्या औषधपाण्यासाठी परत करता येते. महिनाभराची ‘पाहणीची मुदत’ ठेवणे त्याहून चांगले : या काळात नव्या माणसाला घोडा झेपला नाही, तर कुणाचेही तोंड वाईट न होता तो परत येतो.

करारात काय लिहावे?

तोंडी शब्दावर घोडा देण्याची आपल्याकडे रीत आहे आणि नेमके तिथेच सगळे निसटते. स्टॅम्प पेपरवर दोन साक्षीदारांसह करार करावा. त्यात घोड्याचा रंग, कपाळावरचा टिळा, पायांवरचे पांढरे पट्टे, भोवरे आणि असल्यास मायक्रोचिपचा क्रमांक लिहावा. शर्यतीच्या घोड्याची वंशनोंदणीची कागदपत्रे असतात. नवा मालक त्याला शर्यतीत किंवा पैदाशीत उतरवणार नसेल, तर तसे स्पष्ट नमूद करावे.

पुढची कलमे महत्त्वाची. घोडा कोणत्या कामाला वापरायचा आणि कोणत्या नाही. आधी कळवल्याशिवाय विकायचा, भाड्याने किंवा दान द्यायचा नाही. सांभाळणे अशक्य झाल्यास पहिला हक्क जुन्या मालकाचा, आणि तोही आजच ठरलेल्या किमतीला. जुन्या मालकाला भेटीची मुभा. गंभीर आजारात निर्णय कोणत्या डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यायचा. मृत्यू झाल्यास किती दिवसांत कळवायचे.

इथे एक अडचण आहे. एकदा घोडा विकला की करार राहतो तो दोघांमधला. नव्या मालकाने तो मोडून घोडा तिसऱ्याला विकला, तर भरपाई मागता येईल. पण त्या तिसऱ्याला ही अट बांधून घालणे कायद्याने अवघड असते. म्हणून ज्यांना खरोखर धास्ती आहे, त्यांनी विक्रीऐवजी मालकी स्वतःकडे ठेवून घोडा सांभाळायला द्यावा. यात जबाबदारी अंगावर राहते, हे खरे. पण घोडा परत आणण्याचा हक्कही राहतो. मसुदा वकिलाकडून तपासून घेण्याचा खर्च घोड्याच्या काही दिवसांच्या चाऱ्यापेक्षा फार जास्त नसतो.

कायदा कितपत मदत करतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार जनावराला उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत सोडून देणे गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये! एवढ्यात घोड्याची एका वेळची चंदीही येत नाही. जनावराला ठार किंवा अपंग करणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तिचा उपयोग मात्र इजा झाल्यानंतरच होतो. वाहतुकीच्या नियमांप्रमाणे घोडा प्रवासाला योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र सोबत हवे. टेम्पोत उभा करून दोरांनी आवळलेला घोडा कमी दिसत नाही, हा भाग वेगळा.

घोडा गेल्यानंतर काय पाहायचे?

पहिले दोन आठवडे नाजूक असतात. जुन्या तबेल्यातील आठ-दहा दिवसांचा चारा आणि चंदी सोबत द्यावी आणि नवे खाद्य त्यात थोडे थोडे मिसळायला सांगावे. एकदम बदल केला की पोटशूळाची भीती असते. शक्य असल्यास जुन्या मोतद्दाराने दोन दिवस तिथे राहावे. घोडा खरारा कसा करून घेतो, कान कुठे हात लावल्यावर मागे टाकतो, हे कागदावर उतरत नाही.

त्यानंतर दर महिन्याला फोटो मागवावा, पण नुसता चेहऱ्याचा नको. आडवा उभा केलेला, फासळ्या, पुठ्ठा आणि चारही खूर दिसतील असा. हेनेकी यांनी १९८३ मध्ये मांडलेली एक ते नऊ गुणांची मोजपट्टी जगभर वापरली जाते : एक म्हणजे हाडांचा सापळा, नऊ म्हणजे अति लठ्ठ, पाचच्या आसपास उत्तम. दोन महिन्यांत घोडा पाचवरून तीनवर आला, तर चौकशीचा फोन नव्हे, थेट भेट हवी. मोबाइलवर जुनेच फोटो पुन्हा येऊ लागले, तरीही तेच.

योग्य माणूस मिळालाच नाही तर?

एखाद्या फार्मवर महिन्याचा खर्च देऊन घोडा ठेवणे हा पहिला पर्याय. प्राण्यांच्या आश्रयस्थानांत जागा मर्यादित असते. तिथे पाठवताना किती घोडे आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळा डॉक्टर आहे का, हे विचारून नियमित मदत देण्याची तयारी ठेवावी. सर्पदंशावरील प्रतिविष हाफकिनसारख्या संस्था घोड्यांच्या रक्तापासून तयार करतात आणि घोडे त्या कामासाठीही दिले जातात. त्यातून माणसांचे जीव वाचतात, याबद्दल वाद नाही. मात्र तिथे घोड्याला ठरावीक काळाने विषाची मात्रा देऊन रक्त काढले जाते, ही निवृत्ती नव्हे, हे मालकाने समजून उमजून ठरवावे आणि केंद्र प्राणी-प्रयोगांच्या नियमनाखाली नोंदणीकृत आहे का ते तपासावे.

वेदना थांबत नाहीत, उठणे-बसणे अवघड झाले आहे, डॉक्टर आशा देत नाही, अशा घोड्याला ‘कुणीतरी सांभाळेल’ म्हणून पुढे ढकलण्यापेक्षा त्याच्या ओळखीच्या तबेल्यात, त्याच्या मोतद्दाराच्या हातात लगाम असताना पशुवैद्यकाने दिलेले दयामरण अधिक मायेचे ठरते. तो निर्णय घ्यायला लागणारा डॉक्टर आणि पुरण्याची जागा आधीच ठरवून ठेवावी. पावसाळ्यातल्या मध्यरात्री यांपैकी काहीही सापडत नाही.