चार भिंतींतले अंगण

छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे वस्ती किंवा आळी. रायपूरच्या तात्यापाऱ्यात मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते, तेव्हा सकाळी दहानंतर लहान मुलांना दाराबाहेर सोडणे धोक्याचे ठरते. शारदा चौक ते तात्यापारा या रस्त्यावरील वाहनांची वर्दळ तर बाराही महिने असते. उन्हाळा सरतो न सरतो तोच पावसाळा सुरू होतो. अशा वेळी मूल घरात थांबते आणि घरातील मोठ्यांच्या तोंडी एकच वाक्य येते, ‘एका जागी शांत बस.’ दूरदर्शन संच किंवा मोबाईल समोर आला की मूल खरोखरच शांत बसते. ही शांतता मोठ्यांच्या सोयीची असली, तरी मुलाच्या वाढीला ती पोषक नसते.

हालचाल हे बालकाचे नैसर्गिक काम आहे. धावणे, उड्या मारणे, चढणे, लोळणे यांतून स्नायू बळकट होतात, तोल सांभाळता येतो आणि हाडे भक्कम होतात. हाडांची घनता मुख्यतः बालपणी आणि तारुण्यात साठवली जाते. उतारवयात त्याच साठ्यावर निभवावे लागते. मुदत ठेवीचे महत्त्व जाणणाऱ्या वाचकांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

किती हालचाल हवी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल व्हावी. तीन व चार वर्षांच्या मुलांसाठी त्यांपैकी किमान ६० मिनिटे दम लागेल अशा खेळाची असावीत. दोन ते चार या वयात पडद्यासमोरचा बैठा वेळ एका तासाहून अधिक नसावा आणि दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत तो मुळीच नसणे उत्तम. तीन तास हा आकडा मोठा वाटला, तरी ते सलग नसतात. दहा-पंधरा मिनिटांचे छोटे हप्ते दिवसभर विखुरले, तर ही बेरीज सहज पूर्ण होते.

वयानुरूप खेळ

रांगू न लागलेल्या बाळाला जागेपणी, कोणीतरी जवळ असताना, थोडा थोडा वेळ पोटावर ठेवावे. दिवसभरात असा वेळ किमान ३० मिनिटे व्हावा. झोपवताना मात्र पाठीवरच झोपवावे. चाकांच्या वॉकरने मूल लवकर चालते, हा समज खरा नाही. अपघातांच्या भीतीने कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरवर बंदी घातली. एक-दोन वर्षांच्या मुलासाठी उशांचा डोंगर, पलंगाखालचा बोगदा आणि ढकलायला रिकामे खोके एवढे साहित्य पुरते.

तीन वर्षांपुढील मुलांसाठी तात्यापाऱ्यातील मराठी घरांच्या हाताशी दुहेरी वारसा आहे. मराठी फुगडीत दोघी हात गुंफून गरगर फिरतात. छत्तीसगढी फुगडीत उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढे-मागे झपाट्याने टाकायचे असतात. नाव एकच, पण व्यायाम निराळा. दुसऱ्या फुगडीला तर सतरंजीएवढीच जागा लागते. लंगडीशी नाते सांगणारा ‘बिल्लस’ फरशीवर खडूने चौकोन आखून खेळता येतो. तीन वर्षांच्या मुलाने दोन्ही पायांनी उड्या माराव्यात. एका पायावरची उडी साधारण चौथ्या वर्षानंतर जमू लागते. छत्तीसगढ शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘छत्तीसगढिया ऑलिंपिक’मध्ये फुगडी व बिल्लस या दोन्ही खेळांचा समावेश होता.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना खालच्या शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. खेकड्यासारखे हातापायांवर चालणे, दोरीच्या रेषेवरून तोल सावरत जाणे, भिंतीला हात टेकून ती ‘ढकलणे’ हे खेळ आवाज न करता चांगला घाम काढतात. आजी-आजोबांनी बसल्या जागी थाळी वाजवावी. थाळी वाजते तोवर नाचायचे आणि थांबताच पुतळा व्हायचे. या खेळात शरीराबरोबर संयमाचाही सराव होतो.

महागड्या साधनांची यात कोठेही गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंनाच त्यांनी शिक्षणाचे साधन बनवले. घरातील डबे, ओढण्या आणि चादरी आजही तेच काम करू शकतात.

सावधगिरी

लहान मुलाला मनगट धरून उचलू किंवा गरगर फिरवू नये. हिसक्याने कोपराचे हाड जागेवरून सरकू शकते. त्यामुळे हात गुंफून घालायची फुगडी थोड्या मोठ्या मुलांनीच, समवयस्क जोडीदारासोबत घालावी. फरशीवर पायमोजे घालून धावू देऊ नये. कपाट व दूरदर्शन संच भिंतीला पक्के बसवावेत. गच्चीच्या कठड्याजवळ स्टूल किंवा खुर्ची ठेवू नये. पाणी भरलेला कूलर खेळाच्या जागेपासून दूर असावा आणि ओले हात त्याला लागू नयेत. उकाड्यात मुलाला वरचेवर पाणी द्यावे. मूल लालबुंद किंवा मलूल दिसल्यास खेळ लगेच थांबवावा.

घरातला खेळ मैदानाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. मोकळ्या उजेडात रोज काही वेळ घालवल्याने मुलांमध्ये लघुदृष्टीचा दोष निर्माण होण्याचा धोका कमी होतो, असे संशोधनातून दिसून आले आहे. म्हणून ऊन चढण्यापूर्वी व सूर्य कलल्यावर मुलांना बाहेर न्यावेच. मधल्या लांब दुपारी मात्र घरातील एक कोपरा रिकामा करून द्यावा आणि दहा मिनिटे मोठ्यांनीही तेथे खाली बसावे. मुलाला खेळण्यांपेक्षा खेळगड्याची ओढ अधिक असते.