एक दिवस नागपुरात



बपेऱ्याच्या माणसाला नागपूर काही परके नाही. कोर्टाची तारीख असली की आपण नागपूरला जातो. घरातला रोगी तुमसर-भंडाऱ्याला बरा झाला नाही की त्याला घेऊन नागपूरला जातो. हिवाळी अधिवेशन भरले की झेंडा खांद्यावर टाकून मोर्च्यात जातो. परंतु इतक्या फेऱ्या घालूनही नागपूर पाहिले आहे असे म्हणू शकतील अशी माणसे आपल्यात फार थोडी. कचेरीची रांग, दवाखान्याचा ओटा आणि मोर्चा अडविणारे कठडे एवढेच आपले नागपूर. काम संपले की परतीची गाडी गाठायची, हाच आपला शिरस्ता. म्हणून हातात एकच दिवस आणि खिशात बेताचेच पैसे असता ते शहर कसे पाहावे व तेथे काय खावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

पहिला प्रश्न हा की दिवस कोठून आणावयाचा? ज्याची मजुरी रोजावर आहे त्याचा हिंडण्याचा दिवस म्हणजे बुडालेला रोज. आठवड्याची सुट्टी ही काही निसर्गाने दिलेली वस्तू नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्जांवर हजारो सह्या मिळविल्या, तेव्हा कोठे १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आपल्या भागातील बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला आणि त्यातही आठवड्याची सुट्टी लिहिली गेली. पण घरी बसून हजारावर बिड्या वळणाऱ्या बाईला रविवार कोठला? तेव्हा मोकळा दिवस मिळालाच, तर तो मोठ्या कष्टाने मिळविलेला आहे हे जाणून खर्च करावा.

तुमसर रोड स्टेशनवर पहाटेची गाडी धरावी. ही मुंबई-हावडा मार्गावरची वाट आहे. मुंबईकडून आगगाडी नागपुरास आली ती १८६७ साली. पुढे नागपूरहून छत्तीसगढाकडे रूळ पडले आणि आपला तांदूळ त्या वाटेने बाहेर जाऊ लागला. वाटेत भंडारा रोड सोडल्यावर कामठी लागते. तेथे खिडकीतून बाहेर अवश्य पाहावे. बाबू हरदास हे या गावचे. त्यांनी बिडी कामगारांना संघटित केले, १९३७ साली ते विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ मध्ये ऐन उमेदीत गेले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

उतरावे ते इतवारी स्टेशनवर, कारण जुने शहर तेथून जवळ पडते. सकाळची पहिली न्याहारी तर्री पोह्यांची करावी. पोहे आपल्याही घरी होतात, पण नागपूरकर त्यावर काळ्या हरभऱ्याचा लाल, झणझणीत रस्सा ओततो, वरून कच्चा कांदा व शेव टाकतो. त्या तेलकट तवंगाच्या रश्श्याला तर्री म्हणतात. हातगाडीशी उभ्याने खावे. तेथे वकील, हमाल आणि रिक्षावाला एकाच बादलीतल्या पाण्याने हात धुतात. स्वस्त आहे, गरम आहे आणि दुपारपर्यंत पोटाला आधार देते. कष्टाच्या माणसाला न्याहारीकडून आणखी काय हवे असते?

आता शहराची नावे ऐकत चालावे. इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. आठवड्यातील बहुतेक वार येथे वस्त्या होऊन बसले आहेत. ज्या वारी जेथे बाजार भरे त्या वाराचे नाव त्या जागेस मिळाले. राजाने गादी स्थापिली हे खरे, पण शहर वाढले ते बाजाराने. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी, राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा खेड्यांच्या जागी हे शहर वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने राजधानी येथे आणली, तट बांधला आणि तलाव केला. नागपूर म्हटले की आपल्या तोंडी भोसल्यांचे नाव येते, परंतु त्याचा पाया गोंडांनी घातला हे गोंडवनाच्या या मुलखात राहणाऱ्यांनी विसरू नये.

भोसल्यांचे नागपूर पाहावयाचे तर महाल भागात जावे. जुन्या तटाची एक वेस अद्याप उभी आहे. पूर्वी तिला जुम्मा दरवाजा म्हणत, आता गांधी गेट म्हणतात. पहिले रघूजी भोसले यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास येथे सत्ता बसविली आणि त्यांची फौज बंगाल-ओरिसापर्यंत गेली. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. डलहौसीने वारस नाही या सबबीवर १८५४ साली राज्य खालसा केले. वेशीखाली थोडे थांबून एवढे आठवावे. बाकी सनावळी पुस्तकात मिळते.

दुपारचे जेवण सावजीचे घ्यावे. सावजी हा केवळ तिखट मटणाचा प्रकार नव्हे. हे हलबा कोष्टी विणकरांच्या घरचे रांधणे होय. लुगडी आणि धोतरे विणणारा हा समाज नागपुरात मोठ्या संख्येने आहे, आणि आपल्या जिल्ह्यात पवनी, मोहाडी, आंधळगाव येथेही हातमाग चालत आले आहेत. खोबरे, खसखस, धने, दगडफूल भाजून केलेला काळा मसाला आणि सढळ तेल, ही त्याची ओळख. जुन्या घरांत जवसाचे तेल वापरीत. हातमागाचा धंदा बसला तसे अनेक कुटुंबांनी घरच्या चुलीला खानावळीचे रूप दिले. ज्या हातांचा धोटा सुटला त्यांनी कढईचा झारा धरला. आज बाहेरगावचे लोक ज्या जेवणासाठी मुद्दाम नागपुरास येतात, त्यामागे एका धंद्याची पडझड आहे हे ताटावर बसताना ध्यानी असावे. मटण न खाणाऱ्यांसाठी पाटोडीचा रस्सा आहे, तोही कपाळाला घाम आणील इतका तिखट. सोबत भाकर मागावी.

जेवण झाल्यावर गांधीसागराकडे चालावे. हाच जुना जुम्मा तलाव. त्याच्या जवळ एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटा यांनी १८७४ साली कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, गिरणी चालू केली. म्हणून तिचे नाव एम्प्रेस. मुंबईत न काढता येथे काढली याचे कारण सरळ आहे. कापूस येथे पिकत होता आणि आगगाडी आली होती. रिंग चात्यांचा भारतातील आरंभीचा प्रयोग याच गिरणीत झाला, आणि १८८६ साली कामगारांसाठी पेन्शनचा फंड निघाला. याच गिरणगावामुळे नागपूर कामगार चळवळीचे ठाणे बनले. १९२९ साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरले. सरकारने नेमलेल्या व्हिटले आयोगावर बहिष्कार घालावा की नाही यासारख्या प्रश्नांवर तेथे फूट पडली आणि ना. म. जोशी यांच्यासारखे नेमस्त बाहेर पडले. संघटनेत फूट पडली की नुकसान कोणाचे होते, हे शिकण्यास यासारखी दुसरी जागा नाही.

गिरणी २००२ साली बंद झाली. आता त्या जागेवर एम्प्रेस नावाचाच मोठा मॉल उभा आहे. तेथे पंख्याखाली बसावयास मिळते, पाणी मिळते, म्हणून अवश्य जावे. मात्र भोंगा वाजला की ज्या रस्त्यावर माणसांचा पूर येई तो रस्ता हाच, हे मुलांना सांगावे. मी संघटनेच्या कामात हिंडत असता पाहिले आहे की राजवाडा पडला तर त्याची पाटी लागते, गिरणी पडली तर क्वचितच लागते. ती पाटी आपणच तोंडी लावावयाची.

उन्हे कलली की सीताबर्डीस जावे. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसले यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रज जिंकले आणि त्यानंतर त्यांनी येथे किल्ला बांधला. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने तो सर्वांना वर्षातून तीनच दिवस खुला होतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. १ मे हा महाराष्ट्र दिन तसा कामगार दिनही. परंतु मे महिन्यातील नागपूरचे ऊन सर्वांना ठाऊक आहे. लेकरे बरोबर असतील तर २६ जानेवारी बरी.

जवळच झिरो माइलचा दगडी खांब व चार घोडे आहेत. लोक तेथे छायाचित्रे काढतात. पण मी म्हणेन की त्याच परिसरातील गोवारी शहीद स्मारकापुढे आधी उभे राहावे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन गोवारी समाजाचा मोर्चा अधिवेशनावर गेला होता. गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. त्यांत बायका होत्या, लहान मुले होती. ती गुरे राखणारी, आपल्यासारख्याच खेड्यांतून आलेली माणसे. त्यांनाही त्या दिवशी नागपूर पाहावयाचे नव्हते, आपले म्हणणे सांगून घरी यावयाचे होते.

वेळ उरल्यास अजब बंगला, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय पाहावे. सोमवारी ते बंद असते, आणि सणासुदीच्या दिवशी आधी चौकशी करून जावे. आपल्या सीमेपलीकडील बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया येथे १८७० साली तांब्याची ४२४ हत्यारे सापडली होती. त्यांतील काही येथे आहेत, काही पार लंडनला गेली. आपल्या शेजारच्या मातीत हजारो वर्षांपूर्वी तांबे घडविणारे कारागीर होते, हे पाहून छाती थोडी रुंद होते.

शेवटचा मुक्काम दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. आजचा भव्य स्तूप २००१ साली खुला झाला. बाबासाहेबांनी १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक भंडाऱ्यातून लढविली होती आणि आपल्या जिल्ह्याने त्यांना निवडून दिले नाही. अडीच वर्षांच्या आत त्याच माणसाच्या एका शब्दावर हा अफाट समुदाय उभा राहिला. स्तूपाच्या गारव्यात बसून हा विचार करण्याजोगा आहे.

परतताना घरच्यांसाठी संत्रा बर्फी घ्यावी. सांभारवडी घेतली तर गाडीतच संपते. आपण कोथिंबिरीला सांभार म्हणतो ते पुण्या-मुंबईच्या लोकांना कळत नाही, नागपूरकराला कळते. एवढ्यावरूनही ते शहर आपले आहे हे ओळखावे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतील मँगनीज आपल्या लोकांनी खणले, त्याचा हिशेब नागपूरच्या कचेरीत लिहिला गेला. आपला तांदूळ तेथे शिजला, आपली पोरे तेथे हमाली करीत वाढली. म्हणून तेथे पाहुण्यासारखे भीत भीत जाऊ नये. पुढच्या वेळी तारीख लवकर आटोपली, किंवा मोर्चा दुपारी उठला, तर लगेच स्टेशनकडे धावू नका. हातात दोन तास असतील तर गांधी गेटपर्यंत चालत जा, सोबतच्या पोराला वेस दाखवा, आणि ती कोणी बांधली असेल हे त्यालाच विचारा.