काळ्या मातीसाठी बायोचार

बायोचार म्हणजे मातीत घालण्यासाठी मुद्दाम केलेला कोळसा. वाळक्या काटक्या, पऱ्हाटी, तुराट्या हवा फारशी लागू न देता साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्या, की वायू निघून जातात आणि सच्छिद्र कार्बन उरतो. शेणखत काही वर्षांत कुजून संपते, पण हा कार्बन शेकडो वर्षे टिकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील प्राचीन वस्त्यांजवळची कोळसामिश्रित माती आजही सुपीक आहे.

तिथली मूळ जमीन आम्लधर्मी आणि अन्नद्रव्ये धुऊन गेलेली. नागपूरचे तसे नाही. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, आणि त्याच खडकाच्या झिजेतून भोवतालची काळी माती झाली. ती चिकण, चुनखडीयुक्त, बहुधा अल्कधर्मी. ओल आणि अन्नद्रव्ये ती स्वतःच धरून ठेवते. तिची अडचण हवेची आहे. पावसाळ्यात फुगून ती मुळे कोंडते, मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की भेगाळते. कोळशाचे कण मिसळले की ती भुसभुशीत होते, निचरा सुधारतो. मात्र कोळशासोबत येणारी राख सामू वाढवते, आणि त्यामुळे झाडाला लोह मिळेनासे होते. संत्र्याची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते बहुधा याच कारणाने. त्यामुळे रेताड, आम्ल जमिनीसाठी सांगितलेले मोठे प्रमाण इथे लावणे चूकच.

कोळसा करायला नरसाळ्याच्या आकाराचा खड्डा पुरतो. तळाशी जाळ करून काटक्यांचे पातळ थर देत जावे. वरची ज्योत हवा वापरून टाकते, म्हणून खालचा कोळसा जळत नाही. थरावर पांढुरकी राख दिसताच पुढचा थर द्यावा आणि शेवटी भरपूर पाणी ओतावे. आत निखारा राहिला तर सकाळी नुसती राख हाती येते. सीताबर्डीच्या दाट वस्तीत हे करू नये, शेतात करून आणावे. वेचणी संपल्यावर गुलाबी बोंडअळीच्या धास्तीने विदर्भात पऱ्हाटी उघड्यावर जाळतात. ती खड्ड्यात गेली तर अळी मरतेच, शिवाय कोळसाही मिळतो. विकतचा लाकडी कोळसाही चालतो. दगडी कोळसा किंवा रंगवलेल्या फर्निचरचा कोळसा मात्र कधीही नको.

ताजा कोळसा थेट घातला तर तो मातीतले नत्र अडकवून ठेवतो आणि रोपे खुरटतात. म्हणून तो ओला करून (कोरडा कुटला तर धूळ छातीत जाते) जाडसर कुटावा, तेवढ्याच शेणखतात किंवा गांडूळखतात मिसळावा, जीवामृत शिंपडून तीन-चार आठवडे ओलसर ठेवावा. वाफ्यात वरच्या १५ सेंटिमीटर मातीत हे मिश्रण दहाव्या हिश्शापर्यंत पुरे. पुन्हा दरवर्षी घालण्याची गरज नाही, पण खत द्यावेच लागते, कारण कोळसा हे झाडाचे अन्न नव्हे. गच्चीवरच्या कुंड्यांना याचा दुहेरी लाभ होतो: नुसत्या काळ्या मातीपेक्षा कुंडी हलकी होते आणि पाणी तळाशी तुंबत नाही.