मॅटॅडोरच्या पोटातली पेटी

घर बदलायचं असलं की आपण टेम्पो सांगतो. दारात येणारी गाडी टाटांची असते, महिंद्रांची असते, क्वचित अशोक लेलँडचीही असते; तरी ती टेम्पोच. उत्तरेत हाच शब्द माणसं कोंबून नेणाऱ्या तीनचाकीला चिकटला. डालड्याचं झालं तेच इथेही झालं. हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचं छापाचं नाव आपण सामान्यनाम करून टाकलं आणि कारखाना विसरलो.

मी विसरलो नाही, याचं कारण अंबरनाथमधली माझी शाळेची गाडी. ती बजाज टेम्पो मॅटॅडोर होती. हिवाळ्यात ड्रायव्हरकाकांच्या शेजारी, इंजिनाच्या कोमट झाकणाजवळ बसायला मिळावं म्हणून आम्ही भांडायचो. पहिलीतलं पोरही कुणाचा हात न धरता त्या गाडीत चढायचं, इतकी तिची पायरी खाली होती. ही पायरी इतकी खाली का, हा प्रश्न मला पुढे तीसेक वर्षांनी पडला. त्याचं उत्तर शोधता शोधता मी एका जुन्या जर्मन भांडणापर्यंत गेलो आणि परत येताना फिरतं घर करायला एक भंगार मॅटॅडोर विकत घेऊन बसलो.

आधी भांडण. घर करून फिरायची जुनी गाडी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: गोल दिव्यांची, दुरंगी फोक्सवॅगन. तिची जन्मकथा मोटारवेड्यांना पाठ असते. युद्धानंतर वोल्फ्सबुर्गचा कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात होता. तिथे आलेल्या बेन पॉन या डच व्यापाऱ्याने कारखान्यात माल वाहणारा एक ओबडधोबड गाडा पाहिला आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एक चित्र काढलं: पावाच्या लादीसारखा डबा, ड्रायव्हर अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, मध्ये ७५० किलो माल. वहीचं ते पान आज अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. पुढे कारखान्याचे प्रमुख हाइन्झ नॉर्डहॉफ यांच्या अमलात, नोव्हेंबर १९४९ मध्ये गाडी पत्रकारांना दाखवली गेली आणि ८ मार्च १९५० पासून नियमित उत्पादन सुरू झालं. जर्मन लोक तिला लाडाने ‘बुली’ म्हणतात.

याच १९४९ साली हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागातल्या फिडाल आणि सोन या कंपनीनेही एक व्हॅन बाजारात आणली. टेम्पो हा छाप त्यांचाच. तोवर त्यांची ख्याती तीनचाकी मालगाड्यांची होती. या नव्या चारचाकीचं नाव मॅटॅडोर, आणि गंमत अशी की तिचं इंजिन फोक्सवॅगनचं होतं! बीटल मोटारीचं तेच हवेवर थंड होणारं, २५ अश्वशक्तीचं इंजिन फिडालच्या माणसांनी पाठीतून काढून पुढे आणलं आणि त्याला पुढची चाकं ओढायला लावलं.

बुली आणि मॅटॅडोर यांतला सगळा फरक या एका निर्णयात आहे. बुलीच्या पार्श्वभागात इंजिन बसलेलं, त्यामुळे मागच्या दाराशी सामान ठेवायला उंचवटा आडवा येतो. मॅटॅडोरचं ओढणारं यंत्र सगळं पुढे. मागे ना दांडा, ना डिफरन्शियल. म्हणून ड्रायव्हरच्या पाठीपासून शेवटच्या दारापर्यंत जमीन सपाट आणि रस्त्यापासून वीतभर जवळ. माझ्या शाळेच्या गाडीच्या पायरीचं गुपित हेच. आपल्याकडे रुग्णवाहिका, दुधाची गाडी, वऱ्हाडाची गाडी म्हणून मॅटॅडोर चालली, तीही याच गुणावर. स्ट्रेचर उचलणाऱ्याला आणि दुधाचे कॅन चढवणाऱ्याला बुलीच्या सौंदर्याशी काय देणंघेणं?

पण ज्याच्या हाती इंजिन त्याच्या हाती नाडी. स्वतःची व्हॅन विकायला काढल्यावर प्रतिस्पर्ध्याला इंजिन कोण पुरवेल? १९५२ मध्ये फोक्सवॅगनच्या इंजिनाची मॅटॅडोर संपली. फिडालने दुसरी इंजिनं शोधली, काही काळ इंग्लंडच्या ऑस्टिनचं इंजिन बसवलं, आणि पुढची चाकं ओढायचा हट्ट मात्र सोडला नाही. शेवटी कंपनी हानोमागच्या पोटात गेली आणि तिथून डाइमलर-बेन्झच्या. मॅटॅडोर म्हणजे बैलाशी झुंजणारा, आणि समोरच्याचं लाडाचं नाव बुली. ही झुंज बाजारात बुलीने जिंकली. तरी माझं मत विचाराल तर राहायला, झोपायला, स्वयंपाकाला गाडी मॅटॅडोरच चांगली. दिसण्यावर जग भाळतं, त्याला इलाज नाही.

भारतातला अध्याय भराभर सांगतो, कारण तो पुष्कळांना ठाऊक आहे. आपल्याकडे ऑटोरिक्षा आणण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, त्या नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये फिडालशी करार करून हॅन्सिएट ही तीनचाकी इथे सुरू केली. गोरेगावहून कारखाना आकुर्डीला गेला. १९६९ मध्ये मॅटॅडोर आली. पुढच्या काळातल्या मॅटॅडोरना मर्सिडीजचं ओएम ६१६ हे २४०४ सीसीचं डिझेल इंजिन मिळालं. फिरोदिया आणि बजाज वेगळे झाले, तरी गाडीवर बजाजचं नाव राहिलं. २००५ मध्ये कंपनीच फोर्स मोटर्स झाली. ट्रॅव्हलर ही मॅटॅडोरची धाकटी बहीण आज सगळीकडे दिसते. खुद्द मॅटॅडोर मात्र कुणाच्या तरी आवारात, चाकांत हवा नसलेली, कोंबड्यांच्या मालकीची.

आमची तशीच मिळाली. १९८६ ची, बदलापूर गावात, चिंचेखाली. बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडलं असं इथे सांगतात. सुरतेच्या वाटेवर इथे दमलेली घोडी सोडून ताजी घ्यायची. मी आणि माझा मित्र घोडं न बदलता आहे तेच ताजं करायला निघालो होतो.

इंजिनाने सगळ्यात कमी छळलं. ओएम ६१६ हे त्याच कंपनीच्या ट्रॅक्समध्येही होतं, त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेरिंगं, पॅकिंग सेट मिळून जातात. अंबरनाथच्या एमआयडीसीत बोअरिंग करणारा, हेड घासून सपाट करणारा कारागीर शोधावा लागत नाही. ज्या गावात दारूगोळ्याचा कारखाना आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे, त्या गावात लेथवर हात बसलेली माणसं घरोघरी सापडतात. पंप आणि नोझल कॅलिब्रेट करून आणले, हीटर प्लग बदलले आणि तिसऱ्या प्रयत्नाला गाडी काळा धूर ओकत जागी झाली. जीव घेतला तो पुढच्या चाकांच्या हबने आणि काचांच्या रबरी बिडिंगने. अशा वस्तू आता दुकानात नसतात, दुसऱ्या मेलेल्या मॅटॅडोरमध्ये असतात.

खरा शत्रू गंज. बदलापूरच्या पावसाचं कौतुक नव्याने काय करायचं? २६ जुलै २००५ चा पूर इथल्या लोकांच्या बोलण्यात अजून आहे, आणि २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस याच पट्ट्यात पाण्यात उभी होती. अशा हवेत ३०-३५ वर्षं उघड्यावर राहिलेल्या गाडीचा पत्रा चाकांच्या कमानीत, छताच्या पन्हळीत आणि पायरीखाली आधी मरतो. आमच्या पहिल्या पेंटरने सडलेल्या भागावर लांबी भरून, घासून, वर झकास पिवळा रंग मारून दिला. आम्ही पेढे वाटले. पुढच्या श्रावणात पायरीवर फोड आले, बोटाने दाबलं तर बोट आत गेलं. मग दुसऱ्या मिस्त्रीने सगळं उकरून, कुजलेला पत्रा कापून, नवा तुकडा गॅसवर जोडला. तो म्हणाला, “दादा, लांबी म्हणजे मेकअप. आधी हाड बघा.”

हाड झालं. आता घर. इथे माझ्या डोक्यात परदेशी चित्रं नाचत होती: उचलणारं छत, एसी, सिंक, बाजूला उघडणारी छत्री. मित्राने शांतपणे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम पुढे ठेवलं. नोंदणी पुस्तकातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठणकावून सांगितलं. दुसऱ्या टोकाला २०२१ चे व्हिंटेज गाड्यांचे नियम आहेत: गाडी पन्नाशीपुढची हवी, आणि चॅसी, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे आज छत कापलं तर कायदा आडवा, आणि २०३६ मध्ये आमची गाडी पन्नास वर्षांची होईल तेव्हा व्हिंटेजचं दारही बंद. महाराष्ट्राने २०२१ मध्येच कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, ते चांगलंच झालं. पण त्यातल्या गाड्या मान्यता घेऊन रीतसर बांधलेल्या असतात. चिंचेखालच्या मॅटॅडोरचा त्यात विचार नाही.

जुनी वस्तू जपणं आणि जुनी वस्तू सुधारणं ही एकच हौस आहे, असं मी तोवर धरून चाललो होतो. अंबरनाथच्या शिवमंदिरात मी लहानपणापासून जातो. १०६० चा शिलालेख असलेलं ते शिलाहारांचं मंदिर. झिजलेल्या मूर्तीला कुणी नवं नाक बसवत नाही, म्हणूनच तो दगड अजून बोलतो. पण मंदिरात आपल्याला रात्री झोपायचं नसतं, गाडीत झोपायचं असतं. मग करायचं काय?

उत्तर मिळालं ते शत्रूच्या घरात. १९५१ मध्ये वेस्टफालिया या जर्मन कंपनीने बुलीसाठी एक वस्तू काढली, तिचं नाव कॅम्पिंग बॉक्स. ही लाकडी पेटी होती. शुक्रवारी संध्याकाळी ती गाडीत ठेवायची की गाडी घर व्हायची. सोमवारी उतरवली की पुन्हा माल वाहायला मोकळी. आज ज्याला आपण कॅम्पर म्हणतो त्याची सुरुवातच मुळी अशी, गाडीला एक छिद्रही न पाडता झाली होती. छतं कापणं वगैरे नंतरचे शौक. त्या पेटीची जुनी छायाचित्रं मी कितीतरी वेळा पाहिली होती, पण ती मला खेळणं वाटली होती. ५२ वं कलम वाचल्यावर ती वकिलासारखी दिसू लागली. पेटी म्हणजे सामान, आणि सामानाला नोंदणी लागत नाही.

पेटी करायला उल्हासनगरइतकं योग्य गाव नाही. हे गावही १९४९ चंच. युद्धातली लष्करी छावणी, तिच्या बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन मिळालेलं नाव. एका बराकीत पडदे लावून चार संसार थाटलेल्या लोकांच्या नातवंडांना, एवढ्याशा जागेत घर कसं बसवायचं हे मी शिकवावं? फर्निचर बाजारातल्या शेठजींनी माझा कागद पाहिला आणि म्हणाले, “साईं, ये तो बाप-दादा का काम है.” त्यांच्या सुताराने प्लायवरच पेन्सिलीने नवं चित्र काढलं. झाकण उघडलं की ओटा, पुढे ओढलं की पलंग, खालच्या खणात पाण्याचा कॅन. बिजागऱ्या पितळी, कारण लोखंडी बदलापूरला टिकत नाहीत.

सुधारणा सगळ्या पेटीच्या आत. १२.८ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण १३ किलोची असते. तेवढीच शिशाची घेतली तर वजन दुपटीच्या वर. तिच्यात सुमारे १२८० वॉट-तास मावतात. २५ वॉटचा पंखा रात्रभर, दहा तास, २५० खातो, छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसभरात पाचएकशे, दिवे किरकोळ. दोन रात्री जेमतेम निघतात. परदेशी पुस्तकं भिंतींत लोकर भरायला सांगतात, कारण त्यांचं वैर थंडीशी. आपलं वैर घामाशी आणि डासांशी. त्यामुळे आमचा खर्च झाला पंख्यावर, जाळीवर आणि खिडक्या नीट सरकण्यावर. शेगडी मात्र मागचं दार उघडून बाहेरच लावायची. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर सपाट जमिनीवर, म्हणजे नेमका झोपणाऱ्याच्या नाकाशी साचतो.

पहिली सहल बारवी धरणाच्या बाजूला झाली. तिचं वर्णन करत नाही. झोप उत्तम लागली, एवढं पुरे.

पेटीची खरी परीक्षा भाद्रपदात झाली. सोसायटीचा गणपती आणायचा होता आणि ठरलेली गाडी आयत्या वेळी आली नाही. आम्ही पट्टे सोडले, चौघांनी पेटी उचलून जिन्याखाली ठेवली. दहा मिनिटांत मॅटॅडोर रिकामी, जशी आकुर्डीहून निघाली होती तशी. मूर्ती उंच चढवावी लागलीच नाही. दोघांनी अलगद आत सरकवली, १९४९ च्या त्या हट्टाच्या कृपेने. आम्ही फाटकातून आत शिरलो तसा एक पोरगा ओरडला, “टेम्पो आला! टेम्पो आला!”

असं कुणी म्हटलं की मी एरवी गाडीचं खरं नाव सांगत बसतो. त्या दिवशी गप्प राहिलो. पोरगं अगदी बरोबर बोललं होतं.