व्यापारी बांधकामाचे नियोजन आणि पाणथळ जागांचे संरक्षण : कबनूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे इचलकरंजीला लागून असलेले गाव. वस्त्रोद्योगाच्या विस्ताराबरोबर या परिसरात यंत्रमागाच्या शेड, गोदामे व दुकानगाळे यांसाठी जागेची मागणी वाढत गेली. अशा वेळी सखल जमीन प्रथम भरावाखाली जाते, कारण ती ‘पडीक’ समजली जाते. प्रस्तुत लेखात ही हानी नियोजनाच्या टप्प्यावरच कशी कमी करता येईल, याचे विवेचन केले आहे.

पाणथळ जागेचे कार्य :
पाणथळ जागा पुराचे पाणी थोपवून सावकाश सोडते, गाळ अडवते आणि भूजलाचे पुनर्भरण करते. एक हेक्टर सखल जमिनीवर ३० सें.मी. पाणी साचल्यास तेथे ३,००० घनमीटर, म्हणजे ३० लाख लिटर पाणी सामावते. भराव घातल्याने हे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या शेतात वा घरात शिरते. २००५, २०१९ व २०२१ चे महापूर अनुभवलेल्या पंचगंगा खोऱ्यात हा मुद्दा केवळ तात्त्विक राहत नाही.

कायदेशीर चौकट व तिची मर्यादा :
पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे झाला. भारतातील २०१७ च्या नियमांनुसार संरक्षित पाणथळ जागेत भराव, अतिक्रमण व घनकचरा टाकणे यांस मनाई आहे. तसेच गेल्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायम बांधकाम करता येत नाही. तथापि नदीपात्र, भातशेती व सिंचनासाठी बांधलेले तलाव या नियमांतून वगळले आहेत. नदीकाठासाठी निळी व लाल पूररेषा हा वेगळा आधार असतो. गावातील लहान ओढा किंवा डबके मात्र बहुधा कोणत्याच यादीत आढळत नाही. म्हणूनच ‘यादीत नाही’ याचा अर्थ ‘महत्त्वाचे नाही’ असा घेणे चुकीचे ठरते.

नियोजनाचा क्रम :
टाळणे, कमी करणे आणि भरपाई करणे, हा क्रम जगभर मान्य आहे. त्यातील पहिली पायरी सर्वांत स्वस्त असते, कारण आराखडा कागदावर असताना इमारत सरकवण्यास खर्च येत नाही.

१. जागेची पाहणी किमान एकदा पावसाळ्यात करावी. उन्हाळ्यात कोरड्या दिसणाऱ्या जमिनीवरील लव्हाळा व पाणकणीस या वनस्पती तिचे खरे स्वरूप सांगतात.
२. इमारत व वाहनतळ उंच भागावर घेऊन सखल भाग मोकळा ठेवावा.
३. ओढा न वळवता रस्त्याखाली पुरेशा रुंदीची मोरी ठेवावी व काठावर झाडोऱ्याचा पट्टा राखावा.
४. वाहनतळावर पाणी मुरणारी फरसबंदी करावी. छपराचे पाणी साठवण तळ्यातून सोडावे.
५. सायझिंगचे सांडपाणी प्रक्रियेविना सोडू नये. त्यातील खळीच्या विघटनात पाण्यातील प्राणवायू खर्च होतो.

भरपाई हा अखेरचा उपाय होय. नवे तळे खोदता येते, परंतु जुन्या पाणथळीची माती, वनस्पती व प्रवाहाशी असलेले नाते त्याबरोबर निर्माण होत नाही.

निष्कर्ष :
पाणथळीचे भवितव्य बांधकाम सुरू झाल्यावर नव्हे, तर जागा निवडतानाच ठरते. त्यासाठी गावपातळीवरील नोंद आवश्यक आहे. भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अशा जागांचे नकाशे तयार करून ग्रामपंचायतीस सादर केल्यास परवानगीपूर्वीच विचार करणे शक्य होईल.